पडद्यामागची दोन मशिनं

सेलूला स्टेशनवरून बाजाराकडे येताना कापसाच्या एका जुन्या जिनिंगची लांबलचक भिंत लागते. त्या भिंतीमागच्या गल्लीत राजेश्री आणि तिचा नवरा गोपाळ राहतात. गोपाळ दुसऱ्या एका जिनिंगमध्ये यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो. राजेश्री घराच्या पुढच्या खोलीत व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवते. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बासारखी काचेची नळी; आतली तार तापून लाल होते आणि बारीक आवाज मोठा होतो. ट्रान्झिस्टर यायच्या आधी रेडिओत हेच असायचे. आता ते वापरतात फक्त काही शौकीन, आणि त्यांच्यासाठी राजेश्री एकेक मशीन हातानं बांधते.

हे तिच्याकडे वडिलांकडून आलं. किशनराव गंगाखेडला लग्नाला, सप्त्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. त्यांची मशिनं व्हॉल्व्हची होती, उचलायला दोन माणसं लागायची. पुढे हलकी मशिनं आली, धंद्यासाठी त्यांनीही ती घेतली, पण जुनी काही मोडीत घातली नाहीत. राजेश्री सुट्टीभर ती उघडून बसायची. डाख कसा द्यायचा, कथील किती लागू द्यायचं, हे तिला भाकरी थापायच्या आधी आलं. नंतर तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात एका कंपनीत नोकरी केली आणि लग्न होऊन सेलूला आल्यावर हौस म्हणून एक मशीन बांधलं. पुण्यातल्या ओळखीच्या एकानं ते ऐकलं आणि विकत मागितलं. मग त्याच्या मित्राला दुसरं हवं झालं. असं करत पुणं, बंगळूर, कोची इथून फोन यायला लागले.

किंमत दीड लाखाच्या घरात. गल्लीत हे कळलं तेव्हा शेजारच्या गीताबाई मुद्दाम बघायला आल्या. मशीनभोवती फिरून त्यांनी विचारलं, "आत सोनं घातलंय का गं?"

राजेश्री हसली. "तांब्याची तार हाय मावशी. लय सारी."

"मग तांब्याच्या भावात दे की."

बाहेरगावची गिऱ्हाइकं किंमत आधीच मान्य करून फोन करायची. जिल्ह्यात तिनं एकही मशीन विकलेलं नव्हतं. त्यामुळे तो प्रश्न तिथंच राहिला.

म्हणून परभणीहून शंभुराजचा फोन आला तेव्हा तिला नवल वाटलं. परभणीत त्याचं कापडाचं दुकान होतं. दुकान थाटलं होतं त्याच्या वडिलांनी, गुरुसिद्धप्पांनी. ते अलीकडे घरीच असायचे.

"अप्पांला रेकॉर्डी ऐकायचा भारी नाद," शंभुराज सांगू लागला. "पण वरीस झालं असंल, लावीनातच. आवाजात जीव राह्यला न्हाई म्हणतेत. सुई बदलली, स्पीकर नवे आणले, तरी तेच. ल्हानपणी त्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याची याद काढतेत सारखी. तुमचं मशीन आणलं तर बसतील ऐकत, असं वाटायलंय मला."

"आधी एकदा ऐकून तर जावा त्यांला घेऊन."

"त्यात काय ऐकायचं, ताई? पुण्याचे लोक घ्यायलेत म्हणल्यावर झालं की. तुमी करायला घ्या. दिवाळीच्या पुढं पंच्याहत्तरी हाय त्यांची."

राजेश्रीनं काम हातात घेतलं. मशीनमधला सगळ्यात जिकिरीचा भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर. केसासारखी तार, एक थर झाला की त्यावर कागद, मग पुन्हा थर. ती हे हातानंच गुंडाळायची. या वेळी एक गुंडाळून झालेला तिला पसंत पडला नाही, तो तिनं सगळा उलगडला आणि पुन्हा नव्यानं केला. गोपाळ जेवायला घरी आला तेव्हा जमिनीवर तारेचा ढीग बघून म्हणाला, "वाजत न्हवता का?"

"वाजत व्हता."

"मग कामून उलगडलास?"

"मला पटना."

आपल्याच जिल्ह्यातलं पहिलं गिऱ्हाईक आहे, हे दोघांच्याही मनात होतं.

दिवाळी झाल्यावर मशीन तयार झालं आणि गोपाळच्या मित्राच्या गाडीतून राजेश्री ते परभणीला घेऊन गेली. सोबत तिनं एक लहान डबी घेतली होती. त्या डबीचं बटण फिरवलं की एकाच स्पीकरवर कधी हे मशीन वाजतं, कधी ते. नवं मशीन बसवताना जुन्याशी ताडून बघायला ती तिच्या उपयोगी पडायची.

जिंतूर रोडवरचं घर मोठं आणि हवेशीर होतं. गुरुसिद्धप्पा बैठकीत वाट बघत बसले होते. उंच, सडसडीत, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांच्या बायको, महानंदा, स्वैपाकघराच्या दारात ताट घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. शंभुराज दुकानातून नुकताच आला होता आणि त्याला स्वतःलाच सगळ्यात जास्त आनंद झाला होता.

गुरुसिद्धप्पांनी मशीनवरून हात फिरवला. लाकडी चौकट, वर उभ्या काचेच्या नळ्या. त्यांना ते आवडलं हे दिसत होतं. मग त्यांनी मुलाकडे बघितलं. "केवढ्याला?"

"तुमाला काय करायचंय अप्पा, ते माझं मी बघतो."

"मी इचारलेलं सांग."

शंभुराजनं आकडा सांगितला. गुरुसिद्धप्पांनी कानाजवळ हात नेला, शंभुराजनं पुन्हा मोठ्यानं सांगितला. महानंदांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

म्हातारा राजेश्रीकडे वळून नरमाईनं म्हणाला, "बाई, राग मानू नको. मी सारा जनम कापड इकलं. हातमागाचं लुगडं बी इकलं आन् मिलचं बी. हातमागाचं महाग. गिऱ्हाईक इचारायचं, कामून महाग? मी काय सांगत नसायचो. दोन्ही लुगडी फुड्यात टाकायचो आन् म्हणायचो, डोळे झाक आन् हात लाव. ज्याच्या हाताला कळलं त्यानं घेतलं. न्हाई कळलं त्यानं मिलचं घेतलं, ते बी खुशीत गेलं. मला बी तसंच करून दाव."

"म्हंजे?"

"माझं जुनं मशीन हाय. हे तुझं. मला दिसू देऊ नको कोणतं वाजायलंय. कानाला कळलं तर घेतो."

शंभुराज कसनुसा झाला. "अप्पा, पाहुण्या माणसाला..."

"करू की," राजेश्री म्हणाली.

एवढ्या वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं. तिची गिऱ्हाइकं मशीनच्या समोर बसून, पेटलेल्या नळ्या बघत ऐकायची आणि खूश व्हायची. नळ्या झाकून ऐकवावं, हे तिनंही कधी सुचवलं नव्हतं.

शंभुराजनं दुकानातून निळ्या पॉपलीनचा तागा मागवला. दोन खुर्च्यांच्या पाठीला तो बांधून पडदा केला. पडद्यामागे टेबलावर दोन्ही मशिनं, पुढे एकच स्पीकर. दोन्हींचा आवाज सारखा राहील असा तिनं मीटरनं मोजून लावला, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, हे तिला माहीत होतं. गुरुसिद्धप्पांनी स्वतः भजनाची एक जुनी रेकॉर्ड काढून दिली. राजेश्री पडद्यामागे जाऊन बसली.

पेटी वाजली, मृदंग आला, गाणाऱ्याचा भारदस्त आवाज आला. थोडा वेळ झाला की राजेश्री बटण फिरवायची आणि विचारायची, "आता?"

"तसंच हाय," गुरुसिद्धप्पा म्हणायचे.

"आता?"

"हे बी तसंच."

त्यांनी मन लावून ऐकलं. डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून. शंभुराज आधी अधूनमधून "हे हे, हेच तुमचं!" असं म्हणत होता, पण बहुतेक वेळा ते जुनं निघायचं, मग त्यानं ओळखणं सोडलं. राजेश्रीला पडद्याच्या कडेनं स्वैपाकघराचं दार दिसत होतं. तिथं मात्र तिला एक गोष्ट जाणवली. तिनं आपलं मशीन लावलं की महानंदांचा हात थांबायचा. शेंग बोटांत तशीच राहायची. बटण फिरवून जुनं लावलं की टरफल फुटल्याचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. त्या काही बोलत नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

रेकॉर्ड संपली. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "अजून एकदा लाव. स्पीकर वाईच हिकडं सरकीव."

शंभुराजनं स्पीकर उचलून वडिलांच्या जवळ ठेवला. रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला दारातून महानंदांचा आवाज आला.

"टाळ गेले की ओ."

"काय?" गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"टाळ. मघा वाजायलते. आता येईनात."

राजेश्री पडद्यामागून बाहेर आली आणि स्पीकरच्या मागे बघितलं. तिथं खोक्यातल्या दोन स्पीकरच्या दोन तारा होत्या, एक मोठ्याची, एक बारीक आवाजाच्या लहानाची. उचलताना लहानाची तार निसटली होती. तिनं ती बोटानं पुन्हा जागेवर दाबली. टाळांचा छुणछुण आवाज खोलीत परत आला.

"आले," महानंदा म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

गुरुसिद्धप्पा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "कायचे टाळ? या रेकॉर्डीला टाळ कुठं राह्यलेत आता? झिजली की ती. वरीस झालं, टाळ वाजत न्हाईत तिच्यात."

रेकॉर्ड चालूच होती आणि टाळ स्वच्छ वाजत होते. राजेश्रीनं ती तार काढली, लावली, पुन्हा काढली. गुरुसिद्धप्पांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. शंभुराजच्या चेहऱ्यावर बदललं. "अप्पा," तो हळूच म्हणाला, आणि अप्पांनी वळून बघितलं नाही.

महानंदा उठल्या, जवळ आल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, "वाजायलेत ओ टाळ. तुमाला येईनात."

म्हाताऱ्यानं एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग तो उठला. "बंद करा ते," म्हणाला आणि मागच्या अंगणात जाऊन बसला.

शंभुराज खुर्चीत बसून राहिला. "फोनवर नातीचं बोलणं समजत न्हाई म्हणायचे," तो म्हणाला. "आमाला वाटायचं, फोन बेकार हाय. मी फोन बदलून दिला त्यांला."

अंगणात कडुलिंबाखाली गुरुसिद्धप्पा बाजेवर बसले होते. राजेश्री गेली आणि शेजारच्या कट्ट्यावर बसली. आपलं काय चुकलं असं तिला वाटत होतं, आणि चुकलं काहीच नाही हेही कळत होतं. आधी तेच बोलले.

"दुकानात गिऱ्हाईक बोलायलं की निस्ते ओठ हालायलेत असं दिसायचं. मला वाटलं, आजकालची माणसं बोलायलीतच अशी पुटपुट. एक बाई पोराच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलती. ती एक मागायली, मी दुसरंच काढायलो. ती हासली. मग म्हणलं शंभूला, आता तूच बग दुकान."

"घरात बोलला न्हाईत?"

"काय बोलायचं? मला वाटलं समद्या दुनियेचाच आवाज कमी झालाय." ते स्वतःशीच जरा हसले. मग एकदम व्यापाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "तू सांग. हे मशीन मी घ्यावं का?"

"न्हाई अप्पा. तुमी घेऊ नका. आधी कान दाखवा डॉक्टरला."

"आन् कान चांगले असते तर?"

राजेश्रीला मोठ्यानं आणि सावकाश बोलायचं होतं, त्यामुळे प्रत्येक शब्द तिलाही ऐकू येत होता.

"फरक हाय. पण ल्हान हाय. किमतीत जेवढा फरक हाय तेवढा आवाजात न्हाई."

"मग बाकीचे पैशे कायचे?"

"तारेचे, लाकडाचे, नळ्या बाहेरून येतात त्याचे. आन् माझ्या हाताचे. मी एकच चीज दोनदा गुंडाळते. यंत्रात ती एका झटक्यात होती. माझं मशीन बिघडलं तर कधी बी उघडून दुरुस्त होतं, बदलून टाकायची पाळी येत न्हाई. आन् दिसायला देखणं असतं. त्याचे बी असतील थोडे."

"हे तू तुझ्या गिऱ्हाइकांला सांगतीस का?"

"कुणी इचारत न्हाई."

"इचारत न्हाईत म्हणून सांगत न्हाईस," गुरुसिद्धप्पा म्हणाले. बोलण्यात टोचणी नव्हती. दुकानात नव्या नोकराला समजवावं तसे ते बोलले. पण राजेश्रीला ते लागलं.

मशीन तिनं परत गाडीत ठेवलं. शंभुराजनं आगाऊ दिलेले पैसे ती परत करू लागली तर तो घेईना. तुमचं काम झालंय, असं म्हणत राहिला. शेवटी महानंदा म्हणाल्या, "घे रे. तिला वझं व्हायलंय." तेव्हा त्यानं घेतले.

सेलूला आल्यावर तिनं गोपाळला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरंच केलंस. दुसरं गिऱ्हाईक मिळंल." पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. पुढच्या रविवारी दुपारी तिनं गोपाळला पडद्यामागे बसवलं आणि स्वतः पुढे बसली. एका बाजूला परभणीहून परत आलेलं मशीन, दुसऱ्या बाजूला बाजारातलं एक साधंच, पण चांगलं. गोपाळ बटण फिरवत गेला, ती ओळखत गेली. बरेचदा बरोबर आलं. काही वेळा चुकलं, आणि जिथं चुकलं तिथं ती अगदी ठामपणे बोलली होती. बायकांच्या आवाजात, सतारीत तिला पटकन कळायचं. ढोलक, बासरी असली की काही कळायचं नाही.

"तुलाच कळंना तर कसं?" गोपाळ चेष्टेनं म्हणाला.

ती हसली नाही. उठून खिडकीत उभी राहिली. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळत होत्या. तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. फरक होता. तिला वाटत आलं होतं त्याहून तो लहान होता, पण तो होता, आणि तो कुठं आहे हे आता तिला नेमकं कळलं होतं.

त्यानंतर बंगळूरहून एकाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तुमचं आत्ताचं मशीन घेऊन या. दोन्ही झाकून वाजवते. कळलं तर घ्या." पलीकडचा माणूस गोंधळला. नंतर त्याचा फोन आला नाही. पुण्याचा एक मात्र खरंच आला, पडद्यापुढे बसला, निम्म्या वेळा चुकला, खो खो हसला आणि तरीही एक मशीन बांधायला सांगून गेला. "मला ते पेटलेलं बघायला आवडतं," तो म्हणाला. "त्याचे पैसे मी खुशीनं देतो." राजेश्रीला हे उत्तर पटलं. धंदा थोडा मंदावला, पण फोनवर बोलताना तिला मोकळं वाटायला लागलं.

परभणीत इकडे शंभुराजनं वडिलांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वयानं कान गेले होते, त्यातही बारीक आवाज आधी. दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिले काही दिवस गुरुसिद्धप्पा वैतागले. स्टीलची भांडी, पंखा, फाटकाची कडी, सगळं अंगावर येत होतं. एकदा तर यंत्रं काढून त्यांनी पानाच्या डब्यात ठेवून दिली. मग हळूहळू त्यांना सवय झाली. एक दिवस ते शंभुराजला न सांगता रिक्षा करून दुकानात गेले आणि आपल्या जुन्या गादीवर जाऊन बसले.

संक्रांतीच्या सुमारास महानंदांचा राजेश्रीला फोन आला. "ये एकदा. ते तुझं मशीन घेऊन ये आन् ती बटणाची डबी बी."

राजेश्रीला वाटलं, अप्पांना पुन्हा ऐकायचं असेल. तसं ते होतंही. ती पोचली तेव्हा ते मुद्दाम घरी थांबले होते. निळा तागा पुन्हा खुर्च्यांना बांधला. तीच रेकॉर्ड लागली. टाळ वाजले तसे गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. राजेश्रीनं बटण फिरवत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही सारखेच हायत, बाई. आन् दोन्ही थोडे पत्र्यावानी वाजायलेत, ते ह्या कानातल्याचं काम असंल. पण टाळ हायत. मला तेवढं बास हाय." मग ते चप्पल घालून दुकानाकडे निघाले. त्यांना उशीर होत होता.

राजेश्री तारा गुंडाळायला लागली तशा महानंदा म्हणाल्या, "थांब. माझं राह्यलंय."

"तुमचं काय, काकू?"

"मी बसते तिथं. तू मागं जा."

त्या नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला. राजेश्री पडद्यामागे गेली आणि बटण फिरवायला लागली. महानंदांनी एकदाही चूक केली नाही. "हे जुनं. हे तुझं. हे बी तुझंच, फिरीवलंच न्हाईस तू." खरंच तिनं फिरवलं नव्हतं. राजेश्री पडद्याच्या वरून बघायला लागली. समोर बाई शांत बसली होती, तोंडावर हुशारी दाखवल्याचा भाव नव्हता.

"काकू, कसं कळतंय तुमाला?"

"गाणारा दम घेतोय नं मधी, तो तुझ्यात ऐकू येतोय. त्याच्यात येत न्हाई." त्यांनी सहज सांगितलं. "माझं माहेर बिदरकडचं. माझा बाप मठात गायचा. मी त्याच्या पाठीमागं बसून साथ करायचे. दम कुठं घेतो ते बगावं लागायचं, न्हाई तर साथ चुकायची. हितं आल्यावर गाणं राह्यलं. रेकॉर्डी ह्यांच्या होत्या, हे लावतील त्या स्वैपाकघरातून ऐकायच्या."

"त्या दिवशी बोलला न्हाईत."

"कोण इचारलं मला?" त्या म्हणाल्या, पण तक्रार केल्यासारखं नाही. "आता ऐक. एवढं मोठं नको मला. एक स्पीकरचं, ल्हान कर. माझ्या खोलीत ठेवायचं. किंमत सांग, आन् त्यात काय काय हाय ते बी सांग."

राजेश्रीनं सांगितलं. तार किती, नळ्या किती, तिची मजुरी किती. महानंदांनी मजुरीचा आकडा ऐकून मान हलवली. "हे कमी लावलंस. आन् लाकूड येवढं भारी नको, साधं सागवान बास." माहेरच्या वाटणीचे पैसे त्यांच्या नावावर बँकेत पडून होते. आजवर त्यातून काही घ्यावं असं त्यांना वाटलं नव्हतं.

शंभुराजला हे कळलं तेव्हा तो गडबडला. "आई, अप्पांसाठी न्हाई घेतलं, आन् तू..."

"त्यांला फरक कळत न्हाई. मला कळतोय," महानंदा म्हणाल्या. "मग माझ्यापुरती किंमत बरोबर हाय का न्हाई?"

रात्री जेवताना शंभुराजनं वडिलांना हे सगळं, आईच्या गाण्याचंही, सांगितलं तेव्हा गुरुसिद्धप्पा चपाती मोडता मोडता म्हणाले, "हाताला कळलं त्यानं घ्यावं. मी काय तुझ्या आईला अडवू का?" मग त्यांनी बायकोला विचारलं, "मला कामून कवा सांगितलं न्हाईस, गायचीस म्हणून?"

"लग्नात सांगितलंतं तुमाला. तुमी म्हणलात, चांगलं हाय."

म्हातारा ओशाळून हसला. त्याला ते आठवत नव्हतं.

लहान मशीन उन्हाळ्याच्या तोंडाला तयार झालं. राजेश्री ते रेल्वेनं एकटीच घेऊन आली, मांडीवर ठेवून. महानंदांची खोली घराच्या मागच्या बाजूला होती, खिडकीतून कडुलिंब दिसायचा. टेबलावर त्यांनी आधीच एक विणलेलं कापड अंथरून रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर मांडून ठेवला होता. शेजारी चार रेकॉर्डी होत्या. बहिणीनं हैदराबादहून शोधून पाठवलेल्या, कानडी वचनांच्या, म्हणजे शिवभक्तीच्या पदांच्या. नळ्या तापायला थोडा वेळ लागतो, तोवर महानंदांनी पदरानं रेकॉर्ड पुसली. मग त्यांनी स्वतः सुई ठेवली.

एका बाईचा आवाज होता, सोबत फक्त तंबोरा. राजेश्रीला कानडी येत नव्हतं. महानंदा ओळ झाली की तिचा अर्थ मराठीत सांगायच्या, पुन्हा ऐकायच्या, मध्येच सांगायचं विसरायच्या. एका जागी त्यांनी गाणारीच्या बरोबरीनं दम घेतला आणि अगदी हलक्या आवाजात पुढची ओळ धरली. आवाज खरबरीत झाला होता, वर जाताना अडखळला. त्या थांबल्या नाहीत. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून राजेश्री खिडकीकडे बघत राहिली.

रेकॉर्ड संपल्यावर त्या म्हणाल्या, "चहा टाकते. तू ती दुसरी काढ तवर."

राजेश्रीनं घड्याळात बघितलं. सेलूची गाडी आता धरता येणार नव्हती. तिनं गोपाळला फोन करून, नंतरच्या गाडीनं येते, असं सांगितलं आणि दुसरी रेकॉर्ड काढली.